पहिला हँडीकॅम घेताना सुरुवात घरच्या लॅपटॉपपासून करा

पोळा दीड महिन्यावर आला असताना माझी भाची वहीचं एक पान घेऊन घरी आली. कॉलेजातल्या चौघी मैत्रिणींनी मिळून नागपूरच्या मारबतीवर, म्हणजे पीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याच्या मिरवणुकीवर, वीस मिनिटांची फिल्म करायचं ठरवलंय. पुतळा बांधायला घेतात तिथपासून ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महालच्या गल्ल्यांमधून उठणाऱ्या ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ या आरोळीपर्यंत. पानावर तीन हँडीकॅमची नावं होती आणि प्रत्येकापुढे आकड्यांची रांग. फोर-के, साठ फ्रेम, तीसपट झूम, अमुक मेगापिक्सेल.

‘‘मामा, तुम्हीच सांगा, यातला कोणता घेऊ? आमचे चौघींचे मिळून चाळीस हजार जमलेत.’’

मी विचारलं, ‘‘तुझा लॅपटॉप किती वर्षांचा आहे?’’

ती हिरमुसली. तिला वाटलं मी विषय बदलतोय. पण कॅमेरा निवडण्यातला हाच पहिला प्रश्न आहे. सीताबर्डीच्या दुकानात काउंटरवर सगळं बोलणं चित्राबद्दल होतं. घरी आल्यावर त्या चित्राचं काय करायचं, ते कशावर उघडायचं, त्यातला आवाज कुठून आणायचा, हे कुणी विचारत नाही. हौशी फिल्म अडकते ती बहुतेकदा तिथेच. म्हणून तिला जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहितो.

कॅमेऱ्याच्या पोटात काय होतं

हँडीकॅम हे मुळात सोनीचं नाव. पण हाताच्या पट्ट्यात अडकवून धरायच्या कुठल्याही व्हिडिओ कॅमेऱ्याला आपण तेच म्हणतो, म्हणून मीही तेच वापरतो.

त्याच्या आत तीन कामं होतात. भिंग प्रकाश गोळा करतं. भिंगामागची चिप त्या प्रकाशाचं विजेत रूपांतर करते, तिला सेन्सर म्हणतात. मग आतला छोटा संगणक ते सगळं दाबून, आवळून कार्डावर मावेल इतकं लहान करतो.

सेन्सरचं गणित पावसासारखं आहे. अंगणात एक वाटी ठेवा आणि एक परात. पाऊस दोन्हींवर सारखाच पडतो, पण पाणी परातीत जास्त जमतं. सेन्सर जितका मोठा, तितका संध्याकाळी किंवा घरातल्या एका बल्बच्या उजेडात प्रकाश जास्त मिळतो आणि चित्रात दाणे कमी येतात. छोट्या कॅमेऱ्यांत सर्रास दिसणारा १/२.३ इंची सेन्सर जेमतेम २८ चौरस मिलिमीटरचा असतो. ‘एक इंची’ म्हणतात तो साधारण ११६ चौरस मिलिमीटरचा. नावात इंच असला तरी त्याची कुठलीच बाजू इंचभर नसते. भिंग बदलता येणाऱ्या बऱ्याच कॅमेऱ्यांत असतो तो एपीएस-सी सेन्सर सुमारे ३६७ चौरस मिलिमीटरचा. स्वस्त हँडीकॅममध्ये मात्र २८ पेक्षाही लहान सेन्सर असतो.

मग हँडीकॅमवाले मोठा सेन्सर का लावत नाहीत? झूममुळे. लहान सेन्सरला तीसपट झूमचं भिंग तळहातावर मावतं. तेवढाच झूम एपीएस-सीवर हवा असेल तर भिंग तोफेएवढं होईल. म्हणजे लांबचं जवळ आणणं आणि अंधारात दिसणं, या दोन गोष्टी थोड्या पैशांत एकत्र मिळत नाहीत. खोक्यावर झूमचे दोन आकडे असतील तर ‘ऑप्टिकल’ लिहिलेला तेवढा खरा धरा. ‘डिजिटल’ म्हणजे चित्राचा मधला तुकडा कापून ताणलेला असतो, आणि ते काम तुम्ही नंतर एडिटिंगमध्ये स्वतःही करू शकता.

किराणा दुकानाची वही

आता लॅपटॉपचा प्रश्न का विचारला, ते.

कॅमेरा चित्र ज्या पद्धतीने दाबून ठेवतो त्या पद्धतीला कोडेक म्हणतात. आजकाल दोनच नावं कानावर पडतात, एच २६४ आणि एच २६५. दोन्हींची युक्ती एकच, आणि ती आपल्या गल्लीतल्या किराणा दुकानदाराची आहे. तो रोज सगळा माल मोजत बसत नाही. एकदा पूर्ण मोजणी करतो आणि नंतर वहीत फक्त आलं-गेलं लिहितो: दोन पोती तांदूळ आले, पाच किलो साखर गेली. कॅमेराही एक चित्र पूर्ण ठेवतो आणि पुढच्या चित्रांत फक्त ‘काय बदललं’ तेवढंच लिहितो. मागची भिंत हलत नसेल तर ती पुन्हा पुन्हा कशाला लिहायची? म्हणूनच तासाभराचं चित्रण एवढ्याशा कार्डात बसतं.

वही नुसती वाचत जायची असेल तर काही अडचण नाही. पण कुणी म्हणालं, सतरा तारखेला दुपारी साखर किती होती ते आत्ता सांगा, तर दुकानदाराला शेवटच्या मोजणीपर्यंत मागे जाऊन बेरीज-वजाबाकी करत यावं लागतं. एडिटिंग म्हणजे हाच प्रश्न, सेकंदाला वीसदा. तुम्ही मधल्याच एका चित्रावर थांबता, मागे जाता, तिथे कापता. दर वेळी लॅपटॉपला सगळा हिशोब पुन्हा मांडावा लागतो. एच २६५ मध्ये हा हिशोब आणखी किचकट असतो. फाइल लहान होते, पण उलगडायला कष्ट जास्त. २०१५ च्या आधीच्या लॅपटॉपमध्ये एच २६५ उलगडण्याची वेगळी सोय चिपमध्ये सहसा नसतेच.

म्हणून जो व्हिडिओ फोनवर लोण्यासारखा चालतो, तोच एडिटिंगमध्ये टाकला की अडखळतो. मुलं म्हणतात सॉफ्टवेअर खराब आहे. सॉफ्टवेअर खराब नसतं, लॅपटॉप वही चाळून थकलेला असतो.

दुसरा आकडा बिटरेट, म्हणजे एका सेकंदाच्या चित्रासाठी किती माहिती लिहिली जाते. तो मेगाबिटमध्ये सांगतात आणि कार्ड-डिस्कची मापं बाइटमध्ये असतात, म्हणून आठने भागायचं. १०० मेगाबिटचं फोर-के चित्रण सेकंदाला साडेबारा मेगाबाइट खातं, तासाला ४५ जीबी. ६४ जीबीचं कार्ड जेमतेम ८५ मिनिटांत भरतं. वीस मिनिटांच्या माहितीपटासाठी दहा तास चित्रण सहज होतं. ४५ गुणिले दहा. भाचीच्या लॅपटॉपमध्ये मोकळी जागा होती ९० जीबी.

कापलं तरी तुटत नाही

एडिटिंग सॉफ्टवेअरची भीती वाटते ती बहुधा या समजुतीने, की चुकून काही कापलं तर मूळ चित्रण गेलं. तसं होत नाही. स्नेहसंमेलनाच्या कार्यक्रमाची यादी आठवा: आधी ईशस्तवन, मग अहवाल, मग नृत्य. यादीत खाडाखोड केली म्हणून नाचणारी मुलं नाहीशी होत नाहीत. सॉफ्टवेअर अशीच यादी ठेवतं: अमुक फाइलचा बाराव्या सेकंदापासून एकोणिसाव्यापर्यंतचा तुकडा, त्यानंतर तमुक. ही यादी आडव्या पट्टीवर मांडलेली दिसते, तिला टाइमलाइन म्हणतात. शेवटी ‘एक्स्पोर्ट’ केलं की यादीप्रमाणे नवी फाइल तयार होते.

यातूनच एक धोका कळतो. मुलंच दुसऱ्या खोलीत नेऊन बसवली तर यादी निरुपयोगी. चित्रणाच्या फाइली दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवल्या, त्यांची नावं बदलली, की टाइमलाइनवर ‘मीडिया ऑफलाइन’ची लाल पाटी येते. सुरुवातीलाच एका फिल्मचा एक फोल्डर करा आणि त्याला शेवटपर्यंत हात लावू नका.

जुन्या लॅपटॉपवरही एक वाट निघते. चांगला शिंपी महागाचं कापड थेट कापत नाही, आधी कागदावर बेततो. सॉफ्टवेअरही प्रत्येक फाइलची हलकी, लहान प्रत करून देतं, तिला प्रॉक्सी म्हणतात. तुम्ही त्या हलक्या प्रतीवर काम करता आणि एक्स्पोर्टच्या वेळी सॉफ्टवेअर मूळ फाइल घेतं. प्रॉक्सी तयार व्हायला वेळ लागतो, रात्री लावून झोपायचं. पण त्यानंतर आठ जीबी रॅमचा लॅपटॉपही तुमचं ऐकतो.

कूलर बंद करा

माझ्या मते नवख्या माणसाने पहिला पैसा आवाजावर खर्च करावा. हे मी कळकळीने सांगतो, कारण हौशी फिल्म मी बऱ्याच पाहिल्या आहेत. थोडं धूसर चित्र लोक तक्रार न करता पाहतात. माणूस काय बोलतोय ते ऐकू आलं नाही तर दोन मिनिटांत उठतात.

उघड्यावर माईकचं अंतर दुप्पट केलं की त्याच्यापर्यंत पोचणाऱ्या आवाजाची ताकद चौथाई उरते. हँडीकॅमचा माईक कॅमेऱ्यावर असतो आणि कॅमेरा दहा फुटांवर. तेवढ्यात खिडकीतला कूलर घरघरतोय, बाहेर ऑटो जातोय, आणि बोलणाऱ्या आजोबांपेक्षा तेच माईकला जवळचे. झूम केल्याने आजोबा चित्रात जवळ येतात, आवाजात नाही.

उपाय स्वस्त आहे. तारेचा कॉलर माईक हजार-दीड हजारात मिळतो. तो जुन्या फोनला लावा, फोन आजोबांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवा, रेकॉर्डिंग सुरू करा, कॅमेऱ्यासमोर एकदा जोरात टाळी वाजवा. नंतर टाइमलाइनवर दोन्हीकडची टाळी जुळवली की आवाज चित्राला चिकटतो. कॅमेऱ्यालाच माईक लावायचा असेल तर त्याला ३.५ मिलिमीटरचं माईकचं छिद्र हवं. स्वस्त हँडीकॅममध्ये नेमकं तेच नसतं, आणि खोक्यावरच्या मोठ्या अक्षरांत ते कुठे कळत नाही. भाचीच्या तीनपैकी दोन नावं मी एवढ्यावरून खोडली.

मुलाखतीपुरता कूलर बंद ठेवा. उकडतं, मान्य, पाच-पाच मिनिटांचे तुकडे करा. ती घरघर नंतर सॉफ्टवेअरने काढता येते म्हणतात, पण तिच्यासोबत माणसाच्या आवाजातला ओलावाही जातो. सगळं संपल्यावर कुणीही न बोलता अर्धा मिनिट त्या खोलीची शांतता रेकॉर्ड करा. दोन वाक्यांमधला सांधा झाकायला तीच कामी येते.

मिरवणुकीत अडचण उलटी. ढोल-ताशासमोर ‘ऑटो’वर ठेवलेला माईक घाबरून आवाज खाली घेतो आणि ढोल थांबला की हिस्स करत वर आणतो. तिथे आवाजाची पातळी हाताने लावता आली पाहिजे. डिजिटल आवाजाला शून्य डेसिबल हे छत असतं. त्याला धडकलेला आवाज फाटतो आणि फाटलेला परत शिवता येत नाही. सर्वात मोठा ठोका उणे बाराच्या आसपास राहील असं लावा.

‘फोन असताना हँडीकॅम कशाला?’

हा आक्षेप योग्य आहे आणि निम्म्या लोकांसाठी त्याचं उत्तर ‘नकोच’ असं आहे. चांगल्या फोनचा मुख्य सेन्सर स्वस्त हँडीकॅमपेक्षा मोठा असतो. गोष्ट सांगणारी छोटी फिल्म, घरातले प्रसंग, मुलाखती, हे फोन, माईक आणि तिपाई एवढ्यावर उत्तम होतं. दोन गोष्टी मात्र बदला. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि बरेच स्वस्त एलईडी सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. फोन सहसा ३० फ्रेमवर असतो आणि मग चित्रात काळे पट्टे सरकताना दिसतात. फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला घेतलेली चित्रं, २५ ठेवा आणि शटर, म्हणजे प्रत्येक चित्रासाठी प्रकाश आत घेण्याचा वेळ, १/५० सेकंद. आणि फोन चालत्या कामात फ्रेमरेट कमी-जास्त करत राहतो, त्याने लांब मुलाखतीत ओठ आणि आवाज फारकत घेतात. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे मोफत अ‍ॅप चालत असेल तर त्यात दोन्ही पक्कं करता येतं. आधीच घेतलेलं चित्रण हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरने स्थिर फ्रेमरेटचं करून घ्या.

हँडीकॅम आपली किंमत वसूल करतो तो लांबलचक कार्यक्रमात. शाळेचं संमेलन, कीर्तन, वडसा-गडचिरोलीकडचं रात्रभर चालणारं झाडीपट्टीचं नाटक. फोन तापतो, त्याची बॅटरी उतरते, मध्येच कुणाचा फोन येतो. बऱ्याच फोटो कॅमेऱ्यांत चित्रण २९ मिनिटं ५९ सेकंदांना आपोआप थांबायचं, कारण अर्धा तास किंवा जास्त चालणाऱ्या यंत्राला युरोपात व्हिडिओ कॅमेरा समजून जास्त आयात शुल्क लागे. हँडीकॅम तासन्‌तास चालतो आणि शेवटच्या रांगेतून नटाचा चेहरा जवळ आणतो.

एक इशारा जुन्या यंत्रांबद्दल. टेपवरचा हँडीकॅम कुणी फुकट देत असेल तरी शिकण्यासाठी घेऊ नका. ६० मिनिटांची टेप लॅपटॉपमध्ये उतरवायला ६० मिनिटंच लागतात, आणि त्यासाठी लागणारं फायरवायरचं छिद्र आजच्या लॅपटॉपला नसतं. घरातल्या जुन्या टेपांवर लग्नं, बारशी असतील तर तो हँडीकॅम मात्र जपून ठेवा.

‘मग फोर-के नको का?’

फोर-केमध्ये फुल एचडीच्या चौपट ठिपके असतात, सुमारे ८३ लाख विरुद्ध २१ लाख. फायदा हा की नंतर चित्र कापून जवळ घेता येतं. तोटा वर सांगितला: कार्ड, डिस्क, लॅपटॉप, सगळ्यांवर भार. प्रोजेक्टरवर किंवा फोनवर पाहणाऱ्याला नीट घेतलेलं फुल एचडी पुरतं. पहिल्या फिल्मसाठी मी तेच सुचवेन.

‘फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये काहीतरी खोट असणारच’

नसते. डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती व्यावसायिक दर्जाची आहे, फिल्मवर शिक्का उमटवत नाही आणि फोर-केपर्यंत एक्स्पोर्ट देते. ती बनवणारी ब्लॅकमॅजिक डिझाइन ही कंपनी कॅमेरे आणि यंत्रसामग्री विकते. पण रिझॉल्व्हला १६ जीबी रॅम आणि बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड लागतं. आठ जीबीवर शॉटकट किंवा केडेनलाइव्ह घ्या. दोन्ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत, दोन्हींत प्रॉक्सी आहे. मॅक असेल तर आयमूव्ही आधीच मिळतं. अडोबी प्रीमियर उत्तमच, पण त्याचं भाडं सतत भरावं लागतं आणि शिकणाऱ्याला त्याची गरज नाही. मित्राने पेनड्राइव्हवर दिलेली ‘क्रॅक’ आवृत्ती तर घेऊच नका. बेकायदा तर ती आहेच, शिवाय तिच्यासोबत व्हायरस येतो आणि महिनाभराचं काम तोच घेऊन जातो.

मराठी माणसाने एक कसोटी आवर्जून लावावी. सॉफ्टवेअर उघडून शीर्षकात ‘स्त्री’, ‘किल्ला’, ‘वर्षा’ टाइप करून पाहा. काही ठिकाणी पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे उडी मारते, रफार तुटतो, जोडाक्षर सुटं होतं. प्रीमियरमध्ये यासाठी दक्षिण आशियाई लिपीची सेटिंग निवडावी लागते. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं तुटलीच तर शीर्षक इतरत्र नीट लिहून पारदर्शक पीएनजी चित्र म्हणून आणा. आपल्या आजीचं नाव पडद्यावर मोडकं दिसू नये, एवढी काळजी तर घ्यायलाच हवी.

ऊन, कार्ड आणि भाड्याचा कॅमेरा

बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत वापराचं तापमान शून्य ते ४० अंश दिलेलं असतं; आयफोनला तर ३५ पर्यंतच. नागपूरचा मे त्याच्या पुढे जातो. उन्हाळ्यात सकाळी दहाच्या आत आणि पाचनंतर चित्रण करा, मधल्या वेळी कॅमेऱ्यावर पांढरा दुपट्टा धरा आणि गाडीच्या डिकीत ठेवू नका.

कार्डावर व्ही ३० लिहिलेलं हवं, म्हणजे सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहिण्याची हमी. आणि ते बिलासह घ्या. मी एकदा झाडीपट्टीच्या नाटकाचं चित्रण स्वस्तात घेतलेल्या कार्डावर केलं. कार्ड स्वतःला १२८ जीबी म्हणवत होतं, खरी जागा त्याच्या पासंगालाही नव्हती. कॅमेऱ्याने शेवटपर्यंत काही सूचना दिली नाही. घरी उघडलं तर पहिल्या अंकानंतरच्या सगळ्या फाइली रिकाम्या. त्या नटमंडळींना मी सीडी देण्याचा शब्द दिला होता, तो पाळता आला नाही, याचं आजही वाईट वाटतं. नवं कार्ड आणलं की ते विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू किंवा मॅक-लिनक्सवर एफ३ या मोफत सॉफ्टवेअरने पूर्ण भरून तपासा. आणि चित्रण दोन जागी उतरल्याशिवाय कार्ड पुसू नका.

भाचीच्या पानावर आता वेगळी यादी आहे. लॅपटॉपची रॅम आठवरून सोळा, बाहेरची एक एसएसडी डिस्क, दोन कॉलर माईक, एक दणकट तिपाई. मूर्तीचं काम आणि मुलाखती चौघींतल्या ज्या मुलीचा फोन सर्वात चांगला आहे त्याच्यावर. मिरवणुकीच्या एका दिवसासाठी मोठ्या सेन्सरचा कॅमेरा भाड्याने घ्यायचा. पोळा चातुर्मासात येतो, लग्नं नसतात, त्यामुळे लग्नाची शूटिंग करणाऱ्यांकडे कॅमेरे मोकळे असतात आणि भाव करायला जागा असते.

कॅमेरा विकत असो की भाड्याचा, पैसे देण्याआधी तिला एक काम सांगितलंय. स्वतःचं तपासलेलं कार्ड सोबत न्यायचं, दुकानदाराला विनंती करून ते त्याच्या कॅमेऱ्यात टाकायचं, दुकानात आणि बाहेर रस्त्यावर पाच मिनिटं चित्रण करायचं, आणि घरी येऊन तेच तुकडे आपल्या लॅपटॉपवर कापून, आवाज जोडून, मराठी शीर्षक लावून एक मिनिटाची फाइल एक्स्पोर्ट करायची. शनिवारी ती सीताबर्डीला जाणार आहे.